दुधाच्या पिशवीचा कोपरा

पुण्यात कोथरूडमध्ये आमची १८ बिऱ्हाडांची सोसायटी. ओला-सुका कचरा वेगळा करायचा हे सगळ्यांना माहीत होतं, बादल्याही होत्या. तरी सुक्याच्या बादलीत हात घातला की भाताची शितं लागायची. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी तीनदा विनंती केली. अंगठे आले, कचरा होता तसाच.

माझी आत्या फुरसुंगीची. शहराचा कचरा तिच्या गावाजवळच्या डेपोत वर्षानुवर्षं पडत राहिला आणि तिच्या विहिरीचं पाणी पिववेना. त्यामुळे हा विषय मला सोडवतच नव्हता.

एके सकाळी कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेच्या मावशी कचरा न्यायला आल्या, तेव्हा हातमोजे घालून त्यांच्याबरोबर पार्किंगमध्ये बसले. आमटी सांडलेलं वर्तमानपत्र त्यांनी बाजूला केलं. "हे आता रद्दीत घेत नाहीत, ताई." दुधाच्या पिशव्या मात्र शोधून शोधून काढत होत्या. धुतलेली पिशवी विकली जाते, आंबलेली नको असते. आणि आपण कात्रीने उडवतो तो चिमुकला कोपरा? तो हाती लागतच नाही. निवडलेला सुका माल विकून येतात ते पैसे मावशींचे स्वतःचे, म्हणजे आमच्या आळसाने त्यांचीच कमाई बुडत होती. तेवढ्यात एका पिशवीतून वापरलेला सॅनिटरी पॅड उघडाच निघाला. मावशी काही बोलल्या नाहीत. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढच्या रविवारी प्रत्येक घरातून एकाला खाली बोलावलं. नऊजण आले. भाषण केलं नाही, मावशींच्या शेजारी बसवलं आणि निवडायला लावलं. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, हे त्याच दिवशी ठरलं. पिशवीचा कोपरा पूर्ण कापायचा नाही, नुसती चीर द्यायची, हेही.

ओल्या कचऱ्याने मात्र दमवलं. गच्चीवरच्या खताच्या पिंपाला दहा दिवसांत असा वास सुटला की लोक बंद करायला निघाले. चूक माझीच होती, नुसता ओला कचरा टाकत गेले. दर थरावर वाळका पाला पसरायला लागलो तसा वास गेला. दोन महिन्यांनी काळंभोर खत हातात आलं, तेव्हा सर्वांत जास्त विरोध करणाऱ्या काकाच डबा घेऊन आले.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजी आता धुतलेल्या पिशव्या दोरीवर चिमटे लावून वाळवतात. चार घरं अजून बाकी आहेत. त्यांना या रविवारी पार्किंगमध्ये बोलावलंय.