पानं नसताना

रविवार, रात्री

उन्हाळा तोंडावर आला की टेकडीवर झाडं ओळखायला जाण्यात अर्थ नाही, असं आमच्याबरोबर फिरणारे एक काका नेहमी म्हणतात. पानं झडलेली, शेंगा वाळून गेलेल्या, मग ओळखायचं कशावरून? पाऊस पडला की या, म्हणतात. मला मात्र हेच दिवस आवडायला लागलेत. फुललेला पळस रिक्षातूनही ओळखू येतो, त्यात आपलं काही कर्तृत्व नाही. अंगावर फूल नाही, पान नाही, तेव्हा तो कळला तर म्हणावं की ओळख आहे.

आज सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गेले, एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने. ग्लिरिसिडिया ऐन बहरात आहे. फांदीवर एक पान नाही आणि शेंड्यापर्यंत गुलाबी तुरे. दोन मुली त्याच्याखाली उभ्या राहून फोटो काढत होत्या आणि हे आपलं चेरी ब्लॉसम म्हणत होत्या. याला उंदीरमारी म्हणतात हे सांगायचं तोंडावर आलं होतं, पण रविवारी सकाळी कोणाच्या आनंदावर पाणी ओतू नये. झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, बिया आणि साल उंदरांना विषारी. फांदी खोचली तरी जगतं, वाढतं झरझर, म्हणून उघड्याबोडक्या टेकड्या लवकर हिरव्या करायला वनखात्याने ते भरपूर लावलं. आता तेच तेच दिसतं.

मी थांबले ती मोईपाशी. मोई, सालई आणि काकड ही तीन झाडं या दिवसांत नवशिक्याला रडवतात. तिघांचीही पानं संयुक्त, म्हणजे एकाच देठावर पानासारख्या दिसणाऱ्या पुष्कळ पर्णिका, तिघांचीही फांद्यांच्या टोकाला गुच्छाने येणारी, आणि आत्ता तिघांकडेही ती नाहीत. सालई त्यातल्या त्यात सोपी. हिरवट-राखाडी साल कागदासारख्या पापुद्र्यांनी सुटते, आणि जिथे खरचटलेलं असेल तिथला डिंक बोटाला लागला की धुपाचा वास येतो. मोईची साल वरून राखाडी, आतून लाल. पण आत बघायचं तर खरवडावी लागते, आणि ते मी करत नाही. रोज शेकड्यांनी माणसं चढतात या टेकडीवर. प्रत्येकाने नख लावलं तर संपलंच.

मग खाली बघायचं. झाडावर नसलेली पानं कुठे लांब गेलेली नसतात, बुंध्याशी पडलेली असतात. काकडाच्या वाळक्या पर्णिकांच्या कडा दातेरी, आणि पुष्कळदा त्यांवर किड्यांमुळे आलेल्या गाठी. एकदा त्या गाठी पाहिल्या की काकड विसरत नाही. मोईच्या पर्णिकांच्या कडा सरळ, बिनदातांच्या. सालईच्या दातेरीच, पण ती सालीवरून आधीच निकालात निघालेली असते. टेकडीवर वारा फार, शेजारणीचा पाचोळा हिच्या अंगणात येतो, म्हणून बुंध्याच्या चारी बाजूंची पानं उचलून बघते. लोक वळून बघतात. बघू देत.

हे सगळं मला कोणी शाळेत शिकवलं नाही. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं, पोटापाण्याचा धंदा लोकांची जीएसटीची विवरणपत्रं भरण्याचा. झाडांचं सुरू झालं ते पान म्हणजे नक्की काय हे कळल्यावर. कडुनिंबाचं ज्याला आपण पान म्हणतो ती पर्णिका, आणि गुढीला बांधतो ती डहाळी म्हणजे पानांचा झुबका. देठ फांदीला जिथे चिकटतो त्या बेचक्यात एक बारीक कळी असते, पर्णिकेच्या बुडाशी ती नसते. कळी सापडली की पान कुठून सुरू होतं ते कळलं. एवढ्या एका खुणेवर निम्मी गर्दी पांगते. कडुनिंबाचं पान एकदाच विभागलेलं, बकाणनिंबाचं दोनदा-तीनदा, आणि महारुख लांबून निंबासारखा वाटला तरी त्याचं पान हातभर लांब आणि चुरगळलं की घाण वास मारतं. आपटा आणि कांचन यांचा घोळ दसऱ्याला दरवर्षी होतो, त्यावर दरवर्षी कोणीतरी लिहितंच. मी लिहीत नाही. आपट्याचं पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. संपलं.

वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक या मंडळींचं मला वेगळं कौतुक आहे. पान तोडलं की चीक, आणि कोवळ्या फांदीवर प्रत्येक पानाच्या जागी एक बारीक कडं राहिलेलं. फांदीच्या टोकाची कळी ज्या आवरणात झाकलेली असते ते गळून पडल्याची ती खूण. पान माहीत नसलं, फळ नसलं, तरी चीक आणि कडं दिसलं की घराणं कळतं. नाव नंतर शोधता येतं.

एवढंच असतं तर माझं नीट चाललं होतं. वहीत नाव, जागा, तारीख, एक ओळ. पण सध्या माझा भाचा माझ्याकडे राहतोय, आणि त्याने माझ्या वहीची पंचाईत केली आहे.

तो अकोल्याचा नव्हे, अकोले तालुक्यातला. दापोलीला वनशास्त्राची पदवी घेतली आणि आता वनसेवेच्या परीक्षेसाठी पुण्यात. दिवसभर सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत आणि पहाटे टेकडीवर, कारण या परीक्षेत उमेदवारांना चालूनही दाखवावं लागतं. पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर, बायकांना १४. तो माझ्या शेजारून घड्याळ बघत जातो आणि मी तासात शंभर पावलंसुद्धा सरकलेली नसते. "मावशी, तुम्ही परीक्षेला बसू नका हं," म्हणतो.

झाडं त्याला माझ्यापेक्षा पुष्कळ येतात. ऐनाचं पान उलटं करून देठाजवळच्या दोन ग्रंथी त्यानेच दाखवल्या. त्याच्या आजीच्या तोंडी तो सादडा आहे. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की लाल रंग उतरतो, हेही त्याने बसस्टॉपमागच्या सागावर करून दाखवलं आणि तो हात घेऊन अभ्यासिकेत गेला. पण त्याच्या वह्यांमध्ये एकेकट्या झाडाला फारशी जागाच नाही. तिथे आहे ती गर्दी. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ साली केलेले भारतातल्या वनांचे १६ मुख्य प्रकार, सागाचं लावण्यापासून तोडीपर्यंतचं साठ-ऐंशी वर्षांचं आवर्तन, जंगलातल्या कामाचा दहा-दहा वर्षांचा आराखडा म्हणजे कार्य आयोजना. हिशेबातली बाई असल्यामुळे मला हे वाचायला मजा येते. आमच्याकडे मार्चअखेर हेच जगाचं टोक. इथे झाड लावणारा अधिकारी निवृत्त होऊन नातवंडं खेळवतो तरी खातं बंद होत नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन तो खाली रेन ट्रीला मिठी मारायला गेला. घेर मोजायचा तो जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, छातीच्या पातळीला, कारण बुडाशी मुळांचा फुगवटा असतो. ३१४ सेंटिमीटर घेर म्हणजे १०० सेंटिमीटर व्यास. झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूने मोजायचं. सोसायटीचा वॉचमन विचारायला आला, झाड कापताय का. माप घेणारा माणूस दिसला की झाड जाणार, हा पुणेकराचा अनुभव आहे. त्याला समजावण्यात मोजण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

रात्री जेवताना त्याने वहीत एक आकृती काढली. आडव्या रेघेवर खोडाची जाडी, उभ्या रेघेवर झाडांची संख्या. निरोगी, आपलं आपण वाढणाऱ्या मिश्र वयाच्या जंगलात बारीक झाडं भरपूर, मध्यम त्याहून कमी, थोराड मोजकीच. रेघ डावीकडून घसरत येते आणि उलट्या इंग्रजी जे अक्षरासारखी दिसते. दे लिओकूर नावाच्या फ्रेंच वनाधिकाऱ्याने १८९८ सालीच हे मांडलं. मग माझ्या वहीकडे बोट करून म्हणाला, "यात मोई आहे, सालई आहे, मेडशिंगी आहे. छान. पण त्यांच्या घरात पोरं आहेत का?"

मी गप्प. माझ्या वहीत सगळे कर्ते पुरुष आणि थोराड बायका. मुंडी वर करून बघायची सवय लागलेली, गुडघ्याखाली काय उगवतंय ते मी कधी लिहिलेलंच नाही.

तेच बघायला आज गेलो होतो. सुतळीने दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद चौकोन आखला, एक ग्लिरिसिडियाच्या दाटीत आणि एक जरा मोकळ्या जागी, जिथे मोई आहे. दाटीत खाली बहुतेक ग्लिरिसिडियाच. बियांची रोपं, आणि कधीतरी तोडलेल्या बुंध्यांना फुटलेले धुमारे. हे झाड कापून संपत नाही, कापलं की चार फांद्यांनी परत येतं. मधेमधे कडुनिंब आणि सीताफळ दिसलं, बिया पाखरांनी आणल्या असणार, नाहीतर माणसांनी. मोईखाली मोईचं पोर नाही. वाळलेलं गवत, गवतात काळं पडलेलं. मागे कधीतरी इथे आग लागली होती. मोठ्या मोईला वणव्याची झळ सोसते, बोटभर रोपाला नाही. हे एका चौकोनावरून ठरवायचं नाही असं भाच्याने बजावलं. तरी मला त्या मोईकडे आता पूर्वीसारखं बघता येईना.

उतरताना भांडण झालं. मी म्हटलं, मग वर्तमानपत्रात वनाच्छादन वाढलं असं येतं ते कसं? तो म्हणाला, मावशी, भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या चित्रांवरून मोजतं. एक हेक्टर किंवा जास्त जागा, तिच्यावर झाडांच्या छत्राची दाटी १० टक्के किंवा जास्त, की ती वनाच्छादनात धरली जाते. जमीन कोणाची आणि झाडं कसली हे त्या व्याख्येत नाही. म्हणजे आंब्याची बागही आली आणि ग्लिरिसिडियाही. मला हे लबाडीचं वाटलं. त्याला नाही वाटलं. देशभराचं एकाच मापाने मोजायचं तर माप ढोबळ असणारच, आकड्याला जे विचारलंय तेवढंच तो सांगतो, असं त्याचं म्हणणं. ताळेबंदाबद्दल मी अशिलांना हेच सांगते, त्यामुळे पुढे बोलता आलं नाही.

पण त्याचा खरा मुद्दा वेगळाच निघाला. मोकळ्या गवताकडे बघून मी "इथे काहीच नाही" म्हटलं, त्यावर तो उखडला. पश्चिम महाराष्ट्रातली माळरानं म्हणजे तुटलेलं जंगल नव्हे, असं बरेच अभ्यासक म्हणतात. २०२५ मध्ये तर ओव्या, आख्यायिका आणि संतचरित्रांसारख्या जुन्या मराठी साहित्यातले झाडाझुडपांचे उल्लेख तपासून ही माळरानं सातशे वर्षांहून जुनी असल्याचं मांडलं गेलं. हिवर, बाभूळ, खैर विरळ आणि मधे गवत, हेच त्या जमिनीचं मूळ रूप. तिथे खड्डे घेऊन वृक्षारोपण करणं म्हणजे चांगलं करता करता बिघडवणं. टेकडीवर जूनमध्ये रोपं लावायला मी स्वतः उत्साहाने जाते. यंदा कुठे लावतात ते आधी विचारीन म्हणते.

जाता जाता त्याने आणखी एक सांगितलं. मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक अलेक्झांडर गिब्सन, १८४७ साली नेमलेला, त्याआधी आपल्या दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख होता. तिथल्या वनस्पतींची चित्रं एका चित्रकाराकडून काढून घेतली होती, ती आता एडिंबरात आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कोणी लिहून ठेवलं नाही. झाडांची नावं लॅटिनमध्ये नीट आहेत.

पुढच्या रविवारी तिसरा चौकोन, गवतात. तिथे काय मोजायचं ते भाचा आज वाचून ठेवणार आहे. माझी टेप त्याने बाद केली. कापडी टेप वापरून ताणली जाते आणि घेर कमी दाखवते, म्हणे. शनिवारी बोहरी आळीतून पोलादी टेप आणि सुतळीचा एक गुंडा. चुना घरात आहे.