बक्कल नंबरासकट श्रद्धांजली

दरवर्षी २१ ऑक्टोबरला पोलीस मुख्यालयांत परेड असते. १९५९ साली याच दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिन्यांनी केलेल्या हल्ल्यात सीआरपीएफचे १० जवान गेले, त्यांच्यासाठी सुरू झालेला हा पोलीस स्मृतिदिन. मुंबईत नायगावच्या ग्राउंडवर होतो, वर्षभरात देशात ड्युटीवर शहीद झालेल्यांची नावं वाचली जातात, शोकशस्त्र होतं, बिगुल वाजतो, आणि पोलीस लाईनीत वाढलेल्या कुणालाही तो बिगुल ऐकून आजही पोटात कसंतरी होतं. दिल्लीत चाणक्यपुरीत २०१८ पासून राष्ट्रीय पोलीस स्मारकही झालंय. हे सगळं व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल वादच नाही.

पण पस्तीस वर्षं नोकरी करून, गणपती दिवाळी सगळी बंदोबस्तात काढून, अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर होऊन गावी आलेला आणि मग शुगर-बीपीने घरच्या खाटेवर गेलेला हवालदार त्या यादीत नसतो. नसणारच, ती यादी वेगळी आहे. त्याला बंदुकीच्या फैरी वगैरे सहसा काही नसतं, चार नातेवाईक, भावकी, आणि लाईनीतले कोण जवळपास राहायला असतील ते. त्याचं नाव आमच्याकडे वाचते ती रिटायर पोलिसांची संघटना, आणि तिच्याबद्दल कधीतरी लिहायचं हे बरेच दिवस डोक्यात होतं.

आमचा तालुका साताऱ्यातला. मुंबई पोलिसात सातारा, सांगली, कोकण इथली माणसं किती आहेत हे मुंबईच्या कुठल्याही चौकीत जाऊन गाव विचारलं की कळतं. भरती मुंबईत, नोकरी मुंबईत, पोरांच्या शाळा मुंबईत आणि रिटायर झालं की क्वार्टर खाली करा. बीडीडी चाळीतल्या क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या पोलिसांना द्यायच्या घरांची किंमत २०२२ मध्ये ५० लाखांवरून २५ आणि २५ वरून १५ लाखांवर आली तेव्हा आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी पेपर वाचून एवढंच म्हटलं की आमच्या वेळेला कोण विचारत होतं. तर असे सगळे गावी परत आलेले. भावाने बांधलेल्या घराशेजारी दोन खोल्या, एखादी म्हैस, आणि गावात ओळख काय तर 'मुंबईचे पोलीस'. गावाला त्यांची नोकरी म्हणजे नक्की काय होती ते माहीत नाही आणि मुंबईला ते आता आठवत नाहीत. म्हणून मग एकमेकांना धरून राहतात.

माझे वडील, आम्ही आण्णा म्हणतो, या संघटनेचं रजिस्टर सांभाळतात. ठाणे अंमलदार म्हणून स्टेशन डायरी लिहायची सवय लागलेली, ती गेलेली नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी सकाळी सकाळी 'अमुक जमादार गेले' टाकतो, लगेच भावपूर्ण श्रद्धांजलीच्या हारांची रांग लागते, पण आण्णा त्यावर विश्वास ठेवत नाहीत. ते फोन लावतात. कोणी सांगितलं, किती वाजता, घरी का दवाखान्यात, अंत्यविधी कुठे, मुलगा पोचला का. मग चष्मा लावून लिहितात, 'वेळ ७.४० वा. मयताचे पुतणे यांनी फोनद्वारे कळविले की'. बक्कल नंबर, म्हणजे शिपाई-हवालदाराचा खात्यातला नंबर, शेवटची नेमणूक कुठे होती ते पोलीस ठाणे, भरतीचं साल, निवृत्तीचं साल, वय. खाली सही. मी एकदा म्हटलं आण्णा एक्सेलमध्ये करून देते, तर म्हणाले दे की, पण हे पण राहू दे.

त्या रजिस्टरमधला वयाचा कॉलम एकदा सलग वाचला मी. एकसष्ट, त्रेसष्ट, एकोणसाठ, सहासष्ट, मध्येच एखादे नव्वदीचे. रात्रपाळी, वेळी-अवेळी वडापाव, बंदोबस्तात बारा बारा तास उभं राहणं, या सगळ्याचं बिल कुठेतरी येतंच. आठ तासांची ड्युटी मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये करून बघितली तेव्हा आण्णा आधीच घरी होते, बातमी ऐकून हसले फक्त. आणि २०२० ची पानं तर बघवत नाहीत. त्या एप्रिलमध्ये पंचावन्नच्या वरच्यांना घरी बसायला सांगितलं होतं मुंबईत, ड्युटीवर कोरोनाने गेलेल्यांच्या घरच्यांना सरकारने ५० लाख जाहीर केले, ते बरोबरच. पण रिटायर होऊन जेमतेम काही महिने झालेला माणूस त्याच रोगाने गेला तर तो कुठल्याच जीआरमध्ये नाही. त्याच्या घरी गेले ते संघटनेचे पाच हजार.

हो, ते पाच हजार. संघटनेची खरी श्रद्धांजली तीच आहे असं माझं मत. वर्षाला शंभर रुपये वर्गणी आणि सभासद गेला की त्याच दिवशी, शक्यतो मयताला जातानाच, कुणीतरी खिशात पाकीट घेऊन जायचं आणि घरातल्या कर्त्या बाईच्या हातात द्यायचं. मुलाच्या नाही, सुनेच्या नाही, बाईच्या. हा नियम कुणी कागदावर लिहिलेला नाही पण मोडलेला मी ऐकला नाही. पाच हजारांत आजकाल काय होतं, असं कुणी म्हणेल. लाकडं, गाडी, तिसऱ्याचं सामान एवढं होतं, आणि त्या दिवशी घरात कॅश कुणाकडे असते? बँकेतले पैसे मयताच्या नावावर, एटीएमचा पिन मयताच्या डोक्यात.

पाकिटापेक्षा मोठं काम तेराव्यानंतर सुरू होतं. फॅमिली पेन्शन. पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी असते आणि नवरा गेला की काही वर्षांचा वाढीव काळ सोडला तर बायकोला साधारण ३० टक्क्यांवर यावं लागतं, त्यात औषधं, त्यात लाईट बिल. आणि ते ३० टक्के सुरू व्हायला सुद्धा कागद लागतात. मृत्यूचा दाखला, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, जॉइंट फोटो, पासबुक. पीपीओवर बाईचं नाव एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं, कारण लग्नात नाव बदललेलं, शाळेत कधी गेल्याच नव्हत्या, आणि साहेबांनी नोकरीत कागद भरताना जे तोंडात आलं ते लिहून दिलेलं. एका काकूंना एका ऑफिसात याच नावापायी इतके हेलपाटे घालायला लावले की त्या म्हणाल्या राहू दे ती पेन्शन, मी खुरपायला जाते. तेव्हा संघटनेतले एक रिटायर राईटर हवालदार त्यांच्याबरोबर गेले, आयुष्यभर दुसऱ्यांच्या जबान्या लिहिलेला माणूस, त्याने प्रतिज्ञापत्राचा मसुदा तिथेच बाकावर बसून लिहिला, एक शब्द इकडचा तिकडे नाही, आणि क्लार्कसमोर ठेवला. काम झालं. हा मनुष्य नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांच्या वेळी गावोगाव स्कूटरवर फिरतो, ज्यांना उठवत नाही त्यांच्या घरी जाऊन अंगठा घेतो. त्याच्यावर एक वेगळी पोस्ट होईल खरं तर.

आता वार्षिक सभेबद्दल. मंगल कार्यालयात असते, लग्नाची तारीख नसेल अशा रविवारी, म्हणजे भाडं कमी. स्टेजवर टेबल, टेबलावर वर्षभरात गेलेल्यांचे फोटो. फोटोंची पण गंमत आहे, घरचे पाठवतात तो टोपी घातलेला, लेंग्यातला, नातवाला मांडीवर घेतलेला, आणि मंडळींना पाहिजे असतो वर्दीतला. मग पेन्शनच्या कागदावरचा पासपोर्ट फोटो मोठा करून घेतात, तो इतका फाटतो की नाक कुठे आणि मिशी कुठे कळत नाही, पण खांद्यावरच्या फिती दिसतात आणि तेवढ्याने समाधान होतं.

नावं वाचायची पद्धत ठरलेली. आधी बक्कल नंबर, मग नाव, मग शेवटचं पोलीस ठाणं. रँक वाचत नाहीत. हे आधी असं नव्हतं म्हणे, आधी अधिकारी आणि मग अंमलदार अशी उतरती यादी वाचायचे, मग एका वर्षी ठरलं की ज्या क्रमाने गेले त्या क्रमाने. अधिकाऱ्यांना बक्कल नंबर नसतो, तर त्यांच्या नावाआधी क्षणभर थांबतात आणि पुढे जातात. खालून भरती होऊन पीएसआय झालेल्या एक साहेबांनी जिवंतपणीच लिहून ठेवलं होतं की माझा शिपाई असतानाचा नंबर वाचा. वाचला.

मग दोन मिनिटं उभं राहायचं. एक जुने ड्रिल इन्स्ट्रक्टर आहेत, दोन्ही गुडघे बदललेले, ते काठी बाजूला ठेवून 'परेड सावधान' देतात. तो आवाज अजून तसाच आहे हो. हॉलमध्ये कुणाला पॅरालिसिस, कुणाचा पाय वाकतो, पण त्या आवाजावर टाचा जुळतातच, चपलांचा सुद्धा आवाज होतो. 'विश्राम' म्हटलं की आधी सगळ्यांचा खोकला.

यानंतर गेलेल्यांच्या पत्नींचा सत्कार, शाल आणि नारळ. आधी या बायका मागच्या रांगेत बसायच्या, पुढे यायच्याच नाहीत, मुलगा नाहीतर दीर येऊन शाल घेऊन जायचा. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, पाठोपाठ सरकारचं परिपत्रक आलं, तेव्हा आमच्या सभेतही कुणीतरी विषय काढला. बराच गोंधळ झाला. गुन्हेगारांच्या मागे छतावरून उड्या मारलेली माणसं बायकोच्या कुंकवावर बोलताना कशी अडखळतात ते बघण्यासारखं होतं. शेवटी ठरलं की दीप त्यांनीच लावायचा आणि शाल त्यांनीच घ्यायची. पहिल्या वर्षी दोघीच आल्या पुढे. आता बहुतेक सगळ्या येतात, आणि एक काकू तर माईक घेऊन बोलल्या, की यांनी घरी कधी वेळ दिला नाही, तुम्हालाच दिला, तेव्हा तुम्हीच सांगा ते कसे होते. तीन-चार म्हातारे उठून खरंच सांगायला लागले. जेवणाला उशीर झाला.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते एका नावाने. १८ ऑगस्ट १९८२. तेव्हा मुंबईत गिरणी संप चालू होता आणि पोलिसांची स्वतःची पण मान्यताप्राप्त संघटना होती, महाराष्ट्र पोलीस कर्मचारी संघटना. सरकारने तिची मान्यता काढली, पुढाऱ्यांना पकडलं आणि पोलीसच रस्त्यावर उतरले, शहरात लष्कर आणावं लागलं. पुष्कळ जणांची नोकरी गेली. १९६६ च्या कायद्याने पोलिसाला परवानगीशिवाय युनियन करता येत नाही, म्हणजे ज्या खात्यात माणसं दिवसरात्र एकमेकांच्या जिवावर काम करतात तिथे एकत्र येऊन काही मागायचं तर रिटायर व्हायची वाट बघायची! असो.

तर त्या वेळी बडतर्फ झालेले एक काका आमच्या तालुक्यात होते. पेन्शन नाही, काही नाही. आधी वॉचमन, मग शेती. संघटनेच्या नियमात सभासद म्हणजे 'निवृत्तीवेतनधारक', त्यामुळे ते सभासद नव्हते, पण दर सभेला यायचे, मागे बसायचे, जेवायचे, जायचे. ते गेले त्या वर्षी सभेच्या आधी वाद झाला, नाव वाचायचं का नाही. काही जण म्हणाले नियम म्हणजे नियम. काहींच्या मनात जुनं होतं, कारण तेव्हा कामावर राहिलेले आणि बाहेर पडलेले असे दोन्हीकडचे लोक आज एकाच पंगतीला असतात आणि त्यावर कुणी बोलत नाही. आण्णा राहिलेल्यांतले. ते वादात गप्प होते. शेवटी सगळ्यात वयस्कर जमादार म्हणाले, "नंबर होता ना त्याला? मग वाचा."

वाचलं. नंबर, नाव, ठाणं. पाकीट मात्र नियमाप्रमाणे देता येत नव्हतं, म्हणून हॉलमध्ये टोपी फिरली आणि पाच हजारांपेक्षा जास्तच जमले. आण्णांनी किती टाकले ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

आता संघटनेपुढचा प्रश्न अगदी साधा, हिशोबाचा आहे. तीनशेच्या आसपास सभासद, शंभर रुपये, म्हणजे वर्षाला तीस हजार. सहा मयतं झाली की वर्गणी संपली. सुरुवातीला सगळे साठीचे होते तेव्हा वर्षाला दोन-तीन जात, पैसे शिल्लक पडत, त्याची एफडी झाली. आता तेच सगळे पंच्याहत्तरीला आलेत, वर्षाला डझनभर तरी नावं होतात, आणि एफडी मोडायला लागलीये. नवीन रिटायर होणारे येत नाहीत, ते पुण्यात फ्लॅट घेऊन राहतात आणि ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग टाकतात. आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर भरती झालेल्यांचा तर पेन्शनचाच सगळा हिशोब वेगळा, ते रिटायर होतील तेव्हा या म्हाताऱ्यांनी शिकलेली पीपीओची विद्या त्यांना किती उपयोगी पडेल कोण जाणे.

यंदाच्या सभेत म्हणून दोन ठराव आले. एक, नवरा गेल्यावर बायकोला वर्गणी भरून सभासद राहता येईल, म्हणजे तिच्या वेळेलाही पाकीट जाईल आणि तिचं नाव यादीत वाचलं जाईल. हा एका मिनिटात पास झाला, हेरवाडच्या वेळचा गोंधळ आठवून मला जरा आश्चर्यच वाटलं. दुसरा, वर्गणी शंभरची अडीचशे. यावर पाऊण तास. पन्नाशी ओलांडलेल्या पोरांनी बापाच्या कानात सांगितलं भरू आपण, म्हाताऱ्यांनी ऐकलं नाही, मग ऐकलं. विरोध शेवटपर्यंत केला तो एका साहेबांनी, ज्यांची पेन्शन त्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त. ठराव पास झाला. साहेब म्हणाले माझा विरोध लेखी नोंदवा. आण्णांनी घड्याळ बघितलं, वेळ टाकली, विरोध नोंदवला, आणि रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवून म्हणाले, "साहेब, सही करा, आणि दीडशे द्या."