लाल रेघ न आलेला शब्द

पुण्याच्या एका कंपनीचं ऑफर लेटर घेऊन ती मुलगी आली तेव्हा साडेचार वाजून गेले होते, आणि सहाच्या आत होकार कळवायचा होता. ‘मावशी, याची प्रिंट, मग सही, स्कॅन, आणि हे उत्तर जोडून मेल. एवढं करून द्या ना,’ म्हणाली. नोकरी होती ग्राहकांच्या तक्रारींना इंग्रजीतून उत्तरं लिहिण्याची. सोबत आलेली आत्या दुकानात पाय ठेवल्यापासून फोनवर एकेका नातेवाइकाला बातमी देत होती.

इंदुरात रामबागेत माझं टायपिंगचं दुकान आहे. आधी रेमिंग्टनची मशिनं होती, आता कॉम्प्युटर आहेत, पण मजकूर वाचल्याशिवाय मी आजही प्रिंट देत नाही. दोन कार्बन घालून टाइप केलेल्या पानात शेवटच्या ओळीत स्पेलिंग चुकलं, तर तिन्ही प्रतींवर खोडाखोड व्हायची. कोर्टाचा कागद असेल तर सरळ नवं पान लावायचं. तेव्हाची सवय आहे ती.

तिचं उत्तर जेमतेम सात-आठ ओळींचं. ‘रिसीव्ह्ड’ आणि ‘ऑकर्ड’ (म्हणजे घडलं) या दोन शब्दांखाली लाल रेघ आली होती, ती तिने माझ्यासमोरच राइट क्लिक करून घालवली. बाकी पानावर एकही रेघ नव्हती. पण पहिल्याच वाक्यात, तुमची ऑफर मी आनंदाने ‘एक्सेप्ट’ करते असं सांगताना, तिने ई-एक्स-सी-ई-पी-टी लिहिलं होतं.

ए-सी-सी-ने सुरू होतो तो स्वीकारणं. ई-एक्स-ने सुरू होतो तो वगळणं. तिच्या वाक्याचा अक्षरशः अर्थ घेतला तर ती ऑफर वगळत होती. शब्द डिक्शनरीत आहे, म्हणून रेघ आली नाही.

‘पण मावशी, बोलताना आपण एक्सेप्टच म्हणतो ना?’

खरं आहे, म्हणतो. फ्रेंड रिक्वेस्टसुद्धा आपण ‘एक्सेप्ट’ करतो. सगळी गोम इथेच आहे. ‘रिसीव्ह’मधले ई आणि आय उलटसुलट झाले तर मशीन ओरडतं. आपल्या तोंडात दोन शब्द एक झालेले असतात तिथे मात्र ते गप्प बसतं, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यात नेमकं तेच खुपतं.

चौथ्या ओळीत दुसरा शब्द सापडला. ही संधी मी गमावणार नाही, असं तिला म्हणायचं होतं आणि ‘लूज’ला तिने दोन ओ दिले होते. दोन ओ-चा ‘लूज’ म्हणजे सैल. इंग्रजीत तो शेवटी ‘स’सारखा वाजतो. आपण मात्र शिंप्याला ‘लूज शिवा’ म्हणतो तेव्हाही तो ‘ज’च असतो, मग गमावण्याच्या ‘लूज’शी गल्लत होणारच. ती वाद घालायला लागली, आणि तिचा मुद्दा चोख होता: ‘चूज’मध्ये दोन ओ चालतात, तर इथे एकच का? याला नियम नाही. इंग्रजीत कित्येक क्रियापदांचं स्पेलिंग उच्चाराकडे पाहून ठरतच नाही. तिला म्हटलं, त्याच्या नातेवाइकांकडे बघ. ‘लॉस्ट’मध्ये एक ओ, ‘लॉस’मध्ये एक ओ, म्हणून ‘लूज’मध्येही एकच.

ही युक्ती मी शिकवणीच्या मुलांना नेहमी सांगते. क्रियापदाबद्दल शंका आली की त्याचं नाम करून पाहा. स्वीकारण्याचं नाम ‘अ‍ॅक्सेप्टन्स’, वगळण्याचं ‘एक्सेप्शन’; तिथे जीभ चुकत नाही. ‘रिसीव्ह’चं नाम ‘रिसेप्शन’. लग्नाच्या रिसेप्शनमध्ये सी-नंतर ई येतो, तसाच तो ‘रिसीव्ह’मध्येही आधी येतो. ‘डिसीव्ह’चं ‘डिसेप्शन’, ‘पर्सीव्ह’चं ‘पर्सेप्शन’, सगळीकडे तेच. ‘बिलीव्ह’ या कुळातला नाही. त्याचं नाम ‘बिलीफ’, तिथे आय आधी.

मागे बाकावर एक आजोबा अर्ज टाइप करून घ्यायला बसले होते. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, ‘बाई, मग सुपरसीड?’ मला इतका आनंद झाला! ‘सीड’ने संपणाऱ्यांत ‘सक्सीड’, ‘प्रोसीड’ आणि ‘एक्सीड’ ही तीनच सी-ई-ई-डी घेतात, ‘प्रिसीड’, ‘रिसीड’ वगैरे सी-ई-डी-ई, आणि एस-ई-डी-ई घेणारं एकटं ‘सुपरसीड’. जुन्या हुकमांतला ‘सुपरसेशन’ त्यांच्या डोळ्यासमोर होता, त्यात एस आहे, म्हणून त्यांचं कधी चुकलं नव्हतं.

युक्ती सगळीकडे चालत नाही, हेही मी मुलीला सांगितलं. ‘मेन्टेन’चं नाम ‘मेन्टेनन्स’ होताना मधली अक्षरं बदलतात, आणि सोसायट्यांच्या नोटिशींवर ते चुकीचं लिहिलेलं आपण रोज वाचतो.

घड्याळात सव्वापाच झाले होते. आत्या म्हणाली, ‘अहो, समजलं म्हणजे झालं. आनंदाने म्हटलंय ना, मग होकारच की.’ मला हे पटत नाही. कंपनीला होकार कळला असता, हे मान्य. पण जिला उद्यापासून कंपनीच्या नावाने ग्राहकांना लिहायचं आहे, तिचं पहिलंच पत्र कोणीतरी नीट वाचणार. त्या माणसाने भुवई उंचावू नये, एवढं तर तिचं देणं लागतं.

मुलगी आता स्वतःच विचारू लागली होती. ‘ऑकर्ड’ला दोन आर, मग ‘ऑफर्ड’ला एक का? मी टेबलावर बोट आपटून दाखवलं. ‘ऑफर’मध्ये जोर पहिल्या तुकड्यावर, म्हणून आर एकच. ‘प्रिफर’मध्ये जोर शेवटी, म्हणून ‘प्रिफर्ड’ला दोन; ‘ऑकर’चंही तसंच. ‘व्हिजिटेड’ला टी एक, ‘बिगिनिंग’ला मधले एन दोन. मराठीत असा आघात अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तो टिपत नाही. तिने ऑफर लेटरच्या जादा प्रिंटच्या पाठीवर हे शब्द लिहून घेतले आणि जोर येतो तिथे खाली टिंब दिलं. ‘ट्रॅव्हल’वर अडली. ब्रिटिश लोक ‘ट्रॅव्हल्ड’ला जोर नसतानाही दोन एल देतात, अमेरिकन एकच. कंपनी जे वापरते ते वापर, म्हटलं.

साडेपाचच्या सुमारास सही केलेला कागद स्कॅन झाला आणि मेल गेला. मग तिने आपला बायोडेटा उघडला आणि मी काही म्हणायच्या आत सगळी क्रियापदं एकेक करून तपासायला बसली. आजोबांचा अर्ज मी त्यानंतर घेतला.

रुजू व्हायला अवकाश आहे, तोवर ती संध्याकाळी दुकानात येणार आहे. सुरुवात ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’पासून करायची ठरवली आहे, कारण तिथे नामाची युक्तीच उलटते: ए-चं क्रियापद आणि त्याच्या परिणामाचं नाम ई-चं. त्यासाठी मी तक्रारींच्या उत्तरांत येतील अशी वाक्यं तयार करून ठेवली आहेत.