कडुनिंबाला उजेड

लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, जमिनीवर ठेवला की दोन पावलं मागं सरायचं, नाहीतर आपलीच सावली मोजली जाते. कॉलेजात हे कुणी शिकवलं नाही, रस्त्यावर शिकले.

रस्त्यावरच्या दिव्यांची त्रयस्थ तपासणी करते मी. दोन खांबांच्या मधल्या रस्त्यावर खडूनं नऊ ठिपके काढायचे: तीन या कडेला, तीन मधोमध, तीन पलीकडे. सरासरी काढताना कोपऱ्यातल्या चार आकड्यांना एक सोळांश वजन, कडांच्या मधल्या चारांना एक अष्टमांश, मधोमधच्या एकाला एक चतुर्थांश. रिक्षा आली की तिचा हेडलाइट जाईपर्यंत ताटकळायचं. दुकानं मिटल्याशिवाय सुरुवातच नाही, आणि जिथला सराफा बाजार रात्री दिवे लावून खायला बसतो त्या इंदुरात दुकानं मिटायची वाट पाहणं म्हणजे काय ते समजून घ्या.

रामबागेजवळची एक गल्ली. दिव्यांना वीज पुरवणाऱ्या फीडरच्या पॅनेलप्रमाणे सगळे दिवे सुरू. होतेच सुरू. पण दुसऱ्या खांबाचा दिवा कडुनिंबाच्या पोटात होता. फांद्या आतून हिरव्या उजळलेल्या, खाली अंधार. पहिल्या खांबाशी २२, १६, ९ लक्स (लक्स हे उजेडाचं माप). मध्ये ४, ४, ३. कडुनिंबाखाली तिन्ही ठिपक्यांवर १. सरासरी आली ६. अशा गल्लीला भारतीय मानकाप्रमाणे ४ पुरतात. म्हणजे पास! उजेड किती सारखा पसरलाय ते पाहायला सगळ्यात कमी आकडा भागिले सरासरी केलं तर ०.१७ येतं आणि लागतं ०.३, पण हा रकाना फॉर्ममध्ये नव्हता. ज्यानं फॉर्म बनवला तो अंधारात चालला नसावा.

मी वाकलेली असताना एक आजी टॉर्च घेऊन आल्या. भजनाहून परतत होत्या.

"काय हरवलं गं?"

"काही नाही आजी, उजेड मोजतेय."

त्यांनी वर पाहिलं. "झाडाला मिळतो की भरपूर." मग टॉर्च पायाशी धरून गटाराची फरशी ओलांडली आणि फाटकात शिरल्या. ती फरशी म्हणजे कडुनिंबाखालचा माझा तिसरा ठिपका.

खांब नीट, दिवा नीट. दिवेवाला म्हणतो झाडाला हात लावायचा नाही, झाडवाला म्हणतो दिव्याची तक्रार दिवेवाल्याकडे. फांदी वाढतेय.

४ मार्च २०२१ ला केंद्राच्या दोन याद्या एकाच दिवशी आल्या होत्या. दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांत महापालिकेच्या कामगिरीत इंदूर पहिलं, राहणीमान सुलभतेत नववं. तेव्हा ऑफिसात पहिल्या यादीचेच पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. दुसऱ्या यादीत ३० टक्के गुण लोकांना काय वाटतं याचे होते. आजींना विचारायला माझ्याकडे एकही प्रश्न छापलेला नव्हता.

'दिवा चालू?' पुढं 'हो' लिहिलं. खोटं नव्हतं. फॉर्मच्या पाठीमागं पेन्सिलीनं झाड काढलं, १, १, १ लिहिले, फरशीची खूण केली.

आठवड्यानं डेटा भरणाऱ्या मुलाचा फोन आला. "ताई, मागच्या पानाचं काय करू? सिस्टिममध्ये जागाच नाही त्याला."

तोवर एकोणीस गल्ल्या झाल्या होत्या. "राहू दे," म्हणाले मी.