मॅकरोनी ही भाजीच

अमेरिकेच्या दक्षिणेकडे, विशेषतः नॅशव्हिलच्या बाजूला, ‘मीट अँड थ्री’ नावाच्या खाणावळी असतात. एक मांस निवडायचं आणि तीन भाज्या. परवा दुपारी अशाच एका ठिकाणी भाज्यांची यादी वाचत होतो. भेंडी, सलगमचा पाला, घेवडा आणि त्यांच्याच पंक्तीला, मुळीच न लाजता, मॅकरोनी अँड चीज, म्हणजे चीज घातलेला पास्ता. आजूबाजूला कुणाच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मीही मुकाट्याने ती भाजी म्हणून मागवली आणि भाजी खाल्ल्याचं पुण्य पदरात पाडून घेतलं.

तेव्हापासून डोक्यात तीच. त्यात फ्रिजमध्ये धुरावर भाजलेलं डुकराचं मांस उरलेलं. हा तुकडा खांद्याचा असून त्याला ‘बॉस्टन बट’ का म्हणतात, या भानगडीत मी पडत नाही. दक्षिणेत बार्बेक्यू म्हणजे जाळावर चटकन भाजणं नव्हे, मंद धुरात तासन्‌तास ठेवणं. मध्येच एकशेसाठ फॅरनहाइटच्या आसपास थर्मामीटरचा काटा अडतो आणि हलायलाच तयार नसतो. मांसाला घाम फुटलेला असतो. तो वाळताना जेवढी उष्णता ओढून नेतो, तेवढीच आपण खालून देत असतो. इथे नवशिके घाबरून विस्तव वाढवतात. जाणते खुर्ची ओढून बसतात.

हे मांस मॅकरोनीत घालायचं तर माझा हट्ट एकच: गोड सॉस नको. कॅन्सस सिटीचा तो काळपट, काकवी घातलेला सॉस चीजमध्ये गेला की जेवण आहे की पुडिंग, कळेनासं होतं. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागातलं, व्हिनेगर आणि लाल मिरचीचं मांस घ्यावं. चीजचा जडपणा कापायला ते आंबटच हवं. फक्त घट्ट पिळून घ्यायचं, नाहीतर दूध फाटतं. आणि वर पसरायचं नाही, मधल्या थरात घालायचं. वरचा थर चीजचा आहे, तिथे कुणी पाय ठेवायचा नाही.

चीज घरीच किसायचं. पिशवीतल्या किसाला एकमेकांना चिकटू नये म्हणून पिठूळ काहीतरी लावलेलं असतं, ते मग जिभेवर रवाळ लागतं. मॅकरोनी जरा कच्चीच उतरवायची. पुढे दोन पंथ आहेत. लोणी-मैद्याचा पांढरा सॉस करणारे आणि अंडी व आटवलेलं दूध घालणारे. मी अंड्यांवाला. त्याची वडी पडते आणि ताटात ताठ उभी राहते. पांढऱ्या सॉसवाल्यांना हे कोरडं वाटतं. वाटू दे.

ओव्हनमध्ये साडेतीनशे फॅरनहाइटला ठेवलं की कडा आधी तांबूस होतात, आणि भांडण त्या कडांवरूनच असतं. दुधाच्या पातेल्याची खरवड कोण खाणार यावरून भावंडं जशी एकमेकांवर उठतात, तसंच. चौकोनी भांड्याला कोपरे चारच, हा भूमितीने केलेला अन्याय आहे.

तिथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांत थँक्सगिव्हिंगची, म्हणजे नोव्हेंबरातल्या सणाची, मॅकरोनी कुणी करायची, हे ठरलेलं असतं. नव्या सुनेला म्हणतात, तू बर्फ आण, कागदी ताटल्या आण. मॅकरोनीचं नंतर बघू. हा विनोद म्हणूनच सांगतात, पण त्या भांड्याजवळ जायची परवानगी कमवावी लागते, हे खरं.

१८०२ साली राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनकडे जेवायला गेलेल्या मनासे कटलर नावाच्या पाद्री-खासदाराला मॅकरोनीचा ‘पाय’, म्हणजे पिठाच्या पारीत भरून भाजलेला पदार्थ, वाढला होता. त्याला आत कांदे आहेत असं वाटलं, चव उग्र लागली. जेफरसनचं नाव या पदार्थाला चिकटलं ते अशा जेवणांमुळे. पण त्याआधी त्याच्याकडे फ्रेंच पद्धतीचा स्वयंपाक करायचा तो जेम्स हेमिंग्ज, त्याच्या मालकीचा गुलाम. १७८४ मध्ये जेफरसन त्याला पॅरिसला घेऊन गेला आणि तिथल्या आचाऱ्यांच्या हाताखाली ठेवलं. १७९३ मध्ये जेफरसनने लिहून दिलं: दुसऱ्या कुणाला सगळा स्वयंपाक शिकव, मग तुला मोकळं करतो. जेम्सने शिकवलं आपल्या धाकट्या भावाला, पीटरला. १७९६ मध्ये जेम्स सुटला. जाण्याआधी त्याने स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी स्वतःच्या हाताने लिहिली. ती आजही आहे.

पीटर मागे राहिला. जेफरसन वारल्यावर, १८२७ च्या लिलावात, एका नातलगाने त्याला सोडवण्यासाठी विकत घेतलं. एका डॉलरला.