भोपळ्यातली म्हातारी: बाहुल्या दोन, चेहरा एक

मंगळवार, रात्री

‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’मधली म्हातारी कापडात करायची तर बाहुल्या दोन लागतात: लेकीकडे निघालेली वाळकी, आणि तूप-रोटी खाऊन परतणारी गुबगुबीत. चूक बहुतेक वेळा दुसरीत होते. तिच्यासाठी अख्खं पेपर कटिंगच, म्हणजे कापड बेतायचा कागदी नमुनाच, मोठं केलं जातं. मग डोकंही वाढतं आणि ती कुणी तिसरीच बाई दिसते. डोकं दोघींचं एकाच मापाचं हवं. धड तेवढं दोन्ही बाजूंनी एकेक इंच रुंद.

अंगाला मांजरपाट. आधी गरम पाण्यात धुऊन आटवायचा, मग चहात रंगवायचा: लिटरभर पाण्यात ४ चमचे पावडर, १० मिनिटं उकळून, गाळून, त्यात कापड २० मिनिटं. वाळल्यावर रंग उतरतो, म्हणून ओल्यात थोडा गडदच दिसू द्यावा. दोघींचं कापड एकाच पातेल्यात रंगवावं. दुसऱ्या खेपेला तीच छटा साधत नाही.

माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचं कापड, पाव इंच; टाका बारीक. मानेच्या वळणावर शिवणीला भिडेपर्यंत कात्रीचे छेद हवेत, नाहीतर उलटल्यावर चुण्या पडतात आणि कितीही भरलं तरी त्या जात नाहीत. मान सैल भरली की डोकं कलतं.

सुरकुत्या रंगवू नयेत, टाक्यांनीच काढाव्यात. लांब सुई, मेण लावलेला दुपदरी दोरा, गाठ डोक्यामागे अंबाड्याखाली झाकेल अशी. सुई नाकपुडीपाशी बाहेर काढून तोंडाच्या कोपऱ्याशी आत घालायची आणि दोरा हळूहळू ओढायचा. गाल जरासा दबला की थांबायचं. आत भरायचा फायबर (कृत्रिम कापूस) सैल भरलेला असेल तर सुरकुतीऐवजी खड्डाच पडतो. लठ्ठ म्हातारीच्या गालात टाक्यांआधी हरभऱ्याएवढा जादा फायबर सरकवावा. कपाळावरच्या तीन रेघा मात्र दोघींच्या हुबेहूब. ती ओळखू येते ती त्या रेघांवरून.

लुगड्याचा हिशेब फसवा आहे. बाहुली १२ इंची, म्हणजे बाईच्या पाचव्या हिश्श्याची. नऊ वार म्हणजे ३२४ इंच, त्याचे झाले ६५. पण कापडाची जाडी काही पाचपटीने कमी होत नाही. एवढं नेसवलं की वाळक्या म्हातारीच्या कमरेला गाठोडं होतं! जुन्या मऊ मलमलीची ४० इंच लांब, ९ इंच रुंद पट्टी पुरते. काष्टा नुसता खोचून राहत नाही, मागे दोन टाके घालावेच लागतात.

भोपळ्याच्या आठ फाकी. प्रत्येक मधोमध ४ इंच रुंद, १५ इंच लांब, दुहेरी कापडात अर्धा इंच फायबर. म्हातारीला आत बसता यावं म्हणून मांडीच्या सांध्यात इंचभर काही न भरता आडवी शिवण मारायची. उद्या दोन फाकींमधली शिवण उघडी ठेवून हुक लावायचे. फट ७ इंचांची हवी. ६ इंचांत लठ्ठ म्हातारीचे खांदे अडकतात.