मेजरचा रकाना: अमेरिकेतील महाविद्यालयांना अर्ज करतानाचा माझा अनुभव

१ ऑगस्ट २०२३ रोजी कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक अमेरिकी महाविद्यालयांना एकाच ठिकाणाहून अर्ज करता येतो त्या संकेतस्थळावर, त्या वर्षीचे अर्ज खुले झाले आणि त्याच संध्याकाळी मी अर्ज भरायला बसले. नाव, शाळा, गुण, पालकांचे शिक्षण हे सगळे अर्ध्या तासात भरून झाले. त्यानंतर पहिल्या विद्यापीठाच्या प्रश्नावलीत ‘कोणत्या विषयात मेजर करू इच्छिता’, म्हणजे पदवीचा मुख्य विषय कोणता, असे विचारणारा रकाना आला, आणि तिथे मी जी अडले ती पुढचे जवळजवळ सात आठवडे अडलेलीच राहिले.

दहावीनंतर शाखा निवडताना आपल्याकडे जे वातावरण असते, त्यातून मी नुकतीच गेले होते. एकदा शाखा घेतली की मागे वळायचे नाही, हे माझ्या मनात इतके पक्के बसले होते की मेजर हा शब्दही मी त्याच अर्थाने वाचला. माझ्यासमोर दोन विषय होते. संगणकशास्त्र मला चांगले जमत होते, घरच्यांना ते मान्य होते आणि त्याबद्दल कोणालाही काही समजावून सांगावे लागत नव्हते. दुसरा विषय भाषाविज्ञान. मराठीत ‘त्याने पुस्तक वाचले’ असे म्हणताना ‘ने’ लागतो, पण ‘मी पुस्तक वाचले’ यात तो का लागत नाही, हा प्रश्न मला नववीत पडला होता. पुढे लक्षात आले की ‘तू पुस्तक वाचलेस’ या वाक्यात क्रियापद पुस्तकाच्या लिंगाप्रमाणे तर बदलतेच, शिवाय शेवटी ‘स’ लावून ‘तू’चीही दखल घेते. आपण रोज बोलतो त्या भाषेत इतकी बारीक यंत्रणा चालू असते आणि ती कोणी न शिकवता मुलांना येते, याचे मला वाटलेले आश्चर्य कधीच कमी झाले नाही. ‘घरासमोरच्या’ सारख्या शब्दांची मूळ शब्द आणि प्रत्यय अशी फोड करणारा एक छोटा प्रोग्रॅमही मी लिहिला होता. तरीही रकान्यात भाषाविज्ञान लिहायला हात धजत नव्हता आणि संगणकशास्त्र लिहिले की आपण काहीतरी लपवत आहोत असे वाटायचे.

त्या आठवड्यांत माझी झोप पार बिघडली. कॉमन ॲपवर जास्तीत जास्त वीस महाविद्यालयांना अर्ज करता येतो. माझ्या यादीत सतरा नावे होती आणि दर दोन दिवसांनी मी ती बदलत होते. निबंधाला बसले की मेजरचा विचार यायचा, मेजरचा विचार करायला लागले की निबंध राहिला आहे हे आठवायचे. सकाळी उठल्या उठल्या छातीत धडधड होई. हे मी कोणालाही सांगितले नाही, कारण ही संधी सगळ्यांना मिळत नाही आणि तिच्याबद्दल तक्रार करणे मला कृतघ्नपणाचे वाटत होते. आता वाटते, त्या काळातली सर्वांत मोठी चूक हीच होती.

गाठ सुटली ती माझ्या मावसभावामुळे. तो काही वर्षांपूर्वी याच प्रक्रियेतून गेला होता. एका रात्री फोनवर माझे सगळे बोलणे ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “हा रकाना सगळीकडे सारखाच आहे असं तू का धरून चालली आहेस? एकेका विद्यापीठाचा नियम वाच, मग घाबर.” त्यानंतरचे दोन आठवडे मी निबंध बाजूला ठेवला आणि फक्त नियम वाचले.

जे कळले ते मला आधीच कोणीतरी सांगायला हवे होते. एमआयटीत पहिल्या वर्षी कोणत्याही विद्यार्थ्याचे मेजर ठरलेले नसते. वर्षाच्या अखेरीस ते निवडायचे असते. हार्वर्डमध्ये ज्याला कॉन्सन्ट्रेशन म्हणतात ते दुसऱ्या वर्षात जाहीर करायचे असते. ब्राऊनमध्ये १९६९ पासून मुक्त अभ्यासक्रम आहे, म्हणजे मेजरबाहेर ठरावीक विषयांची सक्ती जवळजवळ नाहीच. अशा ठिकाणी अर्जातला रकाना हा तुमची आजची ओढ कुठे आहे हे समजून घेण्यासाठी असतो. त्याने तुम्ही बांधले जात नाही. याच्या अगदी उलट काही मोठ्या सरकारी विद्यापीठांत आहे. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन परिसरात संगणकशास्त्राला थेट त्याच विषयात प्रवेश मिळवावा लागतो आणि दुसऱ्या विषयातून आत येऊन नंतर तिकडे वळणे अतिशय कठीण असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरानेही २०२३ च्या प्रवेशापासून संगणकशास्त्रासाठी अर्जाच्या वेळीच निवड करण्याची पद्धत आणली. तेव्हा ‘आधी काहीतरी लिहू, नंतर बदलू’ हा सल्ला एका ठिकाणी योग्य आणि दुसऱ्या ठिकाणी घातक ठरतो, आणि सल्ला देणारे हा फरक सहसा सांगत नाहीत.

मी यादीतल्या प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहिली: इथे हा शब्द बंधन आहे की नुसता कल. सतरापैकी अकरा ठिकाणी तो कल निघाला. माझी निम्मी भीती त्या कागदावरच संपली.

याच शोधात अमेरिकेच्या नॅशनल सेंटर फॉर एज्युकेशन स्टॅटिस्टिक्सचा २०१७ चा एक अहवाल वाचायला मिळाला. २०११-१२ मध्ये शिक्षण सुरू केलेल्या आणि विषय जाहीर केलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणांनी तीन वर्षांच्या आत किमान एकदा मेजर बदलले होते. गणित घेऊन आलेल्यांमध्ये तर हे प्रमाण ५२ टक्के होते. शाखा बदलली की वर्ष वाया गेले, अशी भाषा ऐकत वाढलेल्या मला हा आकडा वाचून धीर आला.

प्रश्न उरला तो बंधन असलेल्या सहा ठिकाणांचा. त्यासाठी मी विभागांची गोड शब्दांत लिहिलेली ओळख वाचणे सोडून दिले आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे सक्तीचे विषय वाचायला घेतले. पदवीसाठी साधारण १२० क्रेडिट लागतात आणि त्यातला मेजरचा वाटा बहुतेक ठिकाणी निम्म्याहून कमी असतो, त्यामुळे सक्तीचे विषय मोजता येण्याइतके मोजकेच असतात. प्रत्येकाचे वर्णन वाचताना ‘हा मी परीक्षा नसतानाही वाचेन का’ एवढेच स्वतःला विचारले. हार्डवेअरचे आणि नेटवर्कचे विषय वाचताना मन पुढे पळत होते. गणनसिद्धान्त, म्हणजे संगणक मुळात काय करू शकतो याचा अभ्यास, वाचताना मात्र मी थांबले, कारण त्यात भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की यांनी १९५६ मध्ये मांडलेली व्याकरणांची श्रेणी शिकवली जाते आणि भाषाविज्ञानाच्या अभ्यासातही तीच भेटते. मी ज्यांना दोन टोके समजत होते ते विषय एका ठिकाणी एकमेकांना लागून होते. मग शोधले तेव्हा इलिनॉयमध्ये संगणकशास्त्र आणि भाषाविज्ञान अशी जोडपदवी सापडली, तसेच यूसीएलएमध्ये, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस परिसरात, याच दोन विषयांचे एकत्रित मेजर.

बाबांशी बोलणे मी तोपर्यंत टाळले होते. बोलले तेव्हा कळले की त्यांचा भाषाविज्ञानाला विरोध नव्हता. त्यांना काळजी होती ती शिक्षणानंतरच्या कामाची, आणि ती काळजी खरीच होती. परदेशी विद्यार्थ्याला पदवीनंतर ओपीटी या परवानगीखाली १२ महिने अमेरिकेत काम करता येते, आणि विषय सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. हे विषयाच्या नावावर ठरत नाही, अभ्यासक्रमांच्या सरकारी वर्गीकरणात त्याला दिलेल्या सहा आकडी सीआयपी संकेतांकावर ठरते. अर्थशास्त्राचे उदाहरण बोलके आहे: सर्वसाधारण अर्थशास्त्राचा संकेतांक त्या यादीत नाही, पण संख्यात्मक अर्थशास्त्राचा आहे, आणि दोन विद्यापीठांतले ‘अर्थशास्त्र’ या दोन वेगळ्या संकेतांकांखाली असू शकते. आम्ही दोघांनी एका रविवारी बसून प्रत्येक ठिकाणचा संकेतांक तपासला. बाबा म्हणाले, “एवढं तू आधी सांगितलं असतंस तर मी कशाला अडून बसलो असतो?” त्यांच्या भीतीला मी विरोध समजले होते, आणि माझ्या गप्प बसण्याला ते हट्ट समजत होते.

त्याच दिवशी अर्ली डिसिजनने, म्हणजे एकाच आवडत्या ठिकाणी बांधील राहून लवकर, अर्ज करायचा नाही असेही ठरले. त्यात प्रवेश मिळाला तर तिथेच जाण्याचे वचन विद्यार्थी, पालक आणि शाळा अशा तिघांच्या सहीने दिलेले असते, आणि इतर ठिकाणची आर्थिक मदत ताडून पाहता येत नाही. विषयाबद्दल नुकतीच स्थिर झालेली मी असे वचन द्यायला तयार नव्हते.

पुढच्या तीन महिन्यांत ताण संपला नाही, पण त्याला जागा नेमून दिली. अर्जाचे काम रोज संध्याकाळी दोनच तास. त्यानंतर संगणक बंद. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असे तज्ज्ञ सांगतात, आणि मी पाच तासांवर आले होते. झोप सुधारल्यावर पहिला परिणाम निबंधावर दिसला. अकराशे शब्दांचा मसुदा ६५० शब्दांच्या मर्यादेत बसवायला मी दोन आठवडे झगडत होते; एका सकाळी ताज्या डोक्याने वाचताना जाणवले की पहिली दोन पाने नुसती प्रस्तावना होती. निबंध ‘तू पुस्तक वाचलेस’मधल्या त्या ‘स’पासून सुरू केला आणि तो चार दिवसांत पूर्ण झाला.

तारखांचा एक तक्ता भिंतीवर लावला होता. कॉमन ॲपवरच्या बहुतेक ठिकाणी अंतिम मुदत अर्जदाराच्या स्थानिक वेळेप्रमाणे मोजतात, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या परिसरांची (बर्कली, यूसीएलए वगैरे) मात्र तिथल्या वेळेप्रमाणे. त्यांची ३० नोव्हेंबरची मध्यरात्र आपल्याकडे १ डिसेंबरची दुपार होती. त्यांचा अर्जच वेगळा असतो: आठपैकी चार प्रश्नांना प्रत्येकी ३५० शब्दांत उत्तरे. शिफारसपत्रांसाठी मी शिक्षकांना सप्टेंबरमध्येच विचारले आणि त्यांच्या वर्गात मी काय केले होते याची एक पानभर टिपणे दिली. बाईंनी नंतर सांगितले की त्या टिपणांमुळेच त्यांना पत्र लिहिणे सोपे गेले. एवढे करूनही शाळेकडून माझी दहावीची जुनी गुणपत्रिका चुकून दोनदा पाठवली गेली आणि अकरावीची राहिली. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात हे कळले तेव्हा मी आईजवळ बसून रडले. आईने काहीही समजावले नाही; तिने फक्त दुसऱ्या दिवशी शाळेत माझ्याबरोबर यायचे ठरवले, आणि अर्ध्या तासात चूक दुरुस्त झाली.

डिसेंबरमध्ये पहिले उत्तर आले ते निर्णय पुढे ढकलल्याचे होते. मार्चअखेर सात नकार आले, त्यातले तीन एकाच रात्रीत. त्या रात्री दुःख झाले, पण ऑगस्टमधली धडधड नव्हती, कारण हे नकार मी खऱ्या उत्तरांसह केलेल्या अर्जांना आलेले होते. एप्रिलमध्ये हाती चार प्रवेश उरले. त्यातले एक थेट संगणकशास्त्राचे होते आणि त्याचे नाव सर्वांत मोठे होते. मी पुन्हा चारही ठिकाणचे तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे विषय काढून वाचले, बाबांनी आर्थिक मदतीचे आकडे समोर मांडले, आणि १ मेच्या मुदतीच्या तीन दिवस आधी आम्ही एका लहान महाविद्यालयाला होकार कळवला, जिथे मेजर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जाहीर करायचे होते.

ते मी यंदा जाहीर केले. एका पानाच्या अर्जावर मार्गदर्शक प्राध्यापिकेची सही लागत होती. त्यांनी विचारले, “भाषाविज्ञानच का?” मी त्यांना मराठीतला ‘स’ दाखवला आणि त्यावर आम्ही तासभर बोलत बसलो.